लग्नपत्रिकेचे पत्ते

आमच्या गल्लीतल्या पोरांकडे पहिलवानांची कार्डं असायची. बुऱ्हाणपूरच्या बाजारातून कोणी ना कोणी ती आणायचं आणि आमच्या गावात, दापोऱ्यात, त्यांची साथ पसरायची. प्रत्येक कार्डावर एक उघडाबंब पहिलवान, खाली त्याची उंची, वजन, छाती आणि जिंकलेल्या कुस्त्या. एकानं आपल्या वरच्या कार्डातला एक आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं आपला सांगायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्यानं दोन्ही कार्डं घ्यायची. एवढाच खेळ. एवढ्यासाठी पोरं जेवणखाण विसरायची आणि शाळेमागे एकमेकांचे शर्ट फाडायची. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याची गड्डी रबरबँडनं बांधलेली असायची आणि तो ती उशाखाली घेऊन झोपायचा. मी हात लावला की म्हणायचा, "ये लड़कियों का खेल नहीं है." घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण मला हाकलायचं असलं की तो हिंदीत जायचा.

मग मी माझी स्वतःची कार्डं केली. राग आला की मी रडत बसत नाही, काहीतरी करून ठेवते, ही खोड तेव्हापासूनची. लग्नसराईत आमच्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग पडायचा. तापीकाठच्या गावांत आमचं नातं नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. पत्रिका दारामागच्या तारेला टोचलेल्या असायच्या. लग्नं आटोपली की आई कात्री घेऊन बसायची आणि प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कापून घ्यायची, कारण देव कचऱ्यात जाता कामा नये. ते कापलेले गणपती पिशवीत साठायचे आणि कधीतरी तापीत सोडले जायचे. उरलेला जाड, गुळगुळीत कागद कोणाच्याच कामाचा नव्हता. मी त्याचे सारखे तुकडे कापले आणि मागच्या कोऱ्या बाजूला माणसं काढायला लागले.

पहिलवान मला काढता येत नव्हते आणि मला ते आवडतही नव्हते. मी आईला काढलं, बाबांना काढलं, नळावर भांडणारी शेजारची काकू काढली, केळीचे घड उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम काढला, ट्रॅक्टरवाला काढला. भाऊ मागे लागला म्हणून त्यालाही काढलं. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहिल्या: ताकद, राग, आवाज आणि झोप. झोप का, ते मला आता सांगता येणार नाही. घरात कोणाला किती झोप मिळते यावरून बरंच काही ठरतं, एवढं मला तेव्हाही कळत असावं.

पण खरी गंमत पुढे होती. पहिलवानांचे आकडे छापलेले असायचे, ते जन्मात बदलायचे नाहीत. मी माझे आकडे पेन्सिलीनं लिहिले. दिवे लागले की मी खोडरबर घेऊन ओट्यावर बसायची आणि दिवसभरात जे झालं असेल त्याप्रमाणे आकडे बदलायची. वाऱ्यानं केळी आडवी झाली त्या संध्याकाळी बाबांची ताकद मी निम्म्यावर आणली, राग वर नेला आणि झोपेपुढे भोपळा काढला. काकूचं पाण्यावरून भांडण झालं की तिचा आवाज वाढायचा. मुकादमाच्या पोरीला ताप आला की त्याचं सगळंच उतरायचं. त्यामुळे ज्याला गल्लीची खबरबात ठाऊक, तोच माझा खेळ जिंकायचा. आधी पोरं हसली, मग एकेक करून ओट्यावर आली आणि शेवटी भाऊही आला. त्या उन्हाळ्यात मला फार महत्त्व होतं. संध्याकाळी पोरं विचारायची, "आज कोणाचं काय झालं?" आणि मी सांगेन ते चालायचं. इतक्या सुखात मी नंतर फारशी कधी नव्हते.

या खेळात अदलाबदलही व्हायची आणि तिची एक रीत होती. पहिलवानांच्या कार्डांपासूनच ती चालत आली होती, कारण पोरं एक नंबरची लबाड. तुमचं कार्ड हातात पडलं की स्वतःचं न देताच पळायची. म्हणून दोघांनी आपापलं कार्ड पुढे करायचं, पण सोडायचं नाही. समोरच्याच्या कार्डाचं टोक एका चिमटीत, आपल्या कार्डाचं टोक दुसऱ्या चिमटीत. मग एकानं विचारायचं, "राजी?" दुसऱ्यानं म्हणायचं, "राजी." आणि दोघांनी एकाच वेळी सोडायचं. बराच वेळ दोघं तसेच अडकून बसायचे, कारण आधी सोडायला कोणीच तयार नसायचं.

एकदा भावानं माझ्याकडून आईचं कार्ड जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी ते एका पोराला देऊन बदल्यात ट्रॅक्टरवाला घेतला. ट्रॅक्टरवाल्याची ताकद आईच्या दुप्पट होती. मी भावाच्या हाताला चावले. "आईला विचारलं होतं का?" असं मी ओरडले म्हणे. सगळी पोरं खो-खो हसली. भाऊ हात चोळत म्हणाला, "कार्ड को कौन पूछता है, पागल." नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. राजी म्हणायचं ते दोन खेळणाऱ्यांनी. ती रीत मीही कितीदा पाळली होती.

माझं स्वतःचं कार्ड मात्र नव्हतं. कोणी मागितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. रबर माझ्या हातात होतं, तेवढं मला पुरे वाटायचं.

खेळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपला. आखाजीला आमच्याकडे बाप्ये उघड उघड पत्ते खेळतात. लिंबाखाली घोंगडी पसरून बसतात आणि एरवी जुगाराच्या नावानं बोटं मोडणारे म्हातारेही डाव मांडतात. त्या सणाला ते चालतं, त्यात पाप नाही. बाया झोके घेतात, गाणी म्हणतात. मी झोक्यावर जायचं सोडून पोरांबरोबर ओट्यावर माझी कार्डं घेऊन बसले होते. घोंगडीवरून एक आजोबा मान वळवून म्हणाले, "पोरीची जात, अन् भर सणाले पत्ते खेळून राह्यली." त्यांच्या स्वतःच्या हातात पत्त्यांचा पंखा होता. आई धावत आली, माझी गड्डी उचलली आणि एक पत्ता उलटा करून बघितला. मागे छापलेलं होतं, कुलस्वामिनी प्रसन्न. दुसऱ्यावर देवाचं नाव, तिसऱ्यावर अर्धा कलश. आईचा चेहरा उतरला. देवाच्या कागदावर माणसं काढली, वर ती पोरांच्या पायाखाली. तिनं मला मारलं नाही. गड्डी गणपतीच्या पिशवीत टाकली आणि पुढच्या वेळी तापीवर गेली तेव्हा पत्त्यांवरची ती सगळी गल्ली हात जोडून पाण्यात सोडून आली. हात जोडून बुडवली, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

हे सगळं मी विसरून गेले होते. कॉलेजला बुऱ्हाणपूरला जायला लागले, भरलेल्या मॅजिक गाडीतून एका मांडीवर बसून रोज जायची-यायची. एम. एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. तिकडे घरात भावाच्या लग्नाचं घोडं अडलं होतं. जमीन होती, पाणी होतं, दुमजली घर होतं, ट्रॅक्टर होता, पण पोरगा शेती करतो म्हटलं की मुलीवाले चहा पिऊन उठायचे. ज्यांची स्वतःची केळीची शेती ते बापही जावई पुण्याचा किंवा इंदूरचा नोकरीवालाच मागायचे. आमचे बाबाही माझ्यासाठी नोकरीवालाच बघत होते, हे इथे सांगून टाकते. भाऊ गप्प गप्प व्हायला लागला, जेवणावरून उठायला लागला. आई देवाला नवस बोलत सुटली.

मग कोणीतरी साटंलोटं सुचवलं. तुमची मुलगी आम्हाला, आमची मुलगी तुम्हाला, एकास एक. हे जुन्या काळातलं, मागासलेलं, असं मी समजत होते. पण मुली मिळेनाशा झाल्या तशी रीत पुन्हा अंग झाडून उभी राहिली. पलीकडे महाराष्ट्रात, मुक्ताईनगरच्या अंगाला एक घर निघालं. मुलाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आणि त्याला एक धाकटी बहीण. एकाच दिवशी, एकाच जेवणात दोन्ही बघणी उरकली. मी पोहे घेऊन बाहेर गेले, तेव्हा भाऊ नवरदेवासारखा मान खाली घालून बसला होता. आत येऊन आईला म्हटलं, "मला विचारणार आहे का कोणी? माझी परीक्षा आहे." आई म्हणाली, "तुह्या भावाचं घर बसून राह्यलं, अन् तू परीक्षा घेऊन बसली?" बाहेर दोन्हीकडचे बाप्ये एकमेकांच्या हातात हात देत होते. पसंत आहे, पसंत आहे, असं चाललं होतं.

दोन्ही लग्नं एका मांडवात लागली, पत्रिकाही एकच छापली. वर गणपती, खाली दोन जोडपी, एकाखाली एक. तेव्हापासून भावाच्या बायकोला मी वहिनी म्हणते, आणि मी तिच्या भावाची बायको म्हणून ती मला वहिनी म्हणते. दोघी एकमेकींना वहिनी, अहो-जाहो. तिच्या मुलाची मी आत्याही आणि मामीही, माझ्या मुलीची तीही तशीच. पाहुण्यांना याचं फार कौतुक, हसून हसून विचारतात. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

नवरा वाईट नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता ते तोंडातून आपोआप येतं. हात उचलत नाही, पीत नाही, मुलीवर जीव टाकतो. फक्त कोणतीही गोष्ट विचारली की म्हणतो, "आई काय म्हणते ते बघू."

गेल्या संक्रांतीच्या आधी वहिनी एक दिवस दुपारच्या एसटीनं तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या घरी आली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. तिला बुऱ्हाणपुरात शिलाईच्या क्लासला जायचं होतं आणि त्यावरून माझ्या भावानं केळीच्या बागेत, कापणीच्या टोळीसमोर, तिच्या थोबाडीत मारली होती. पहिल्यांदा नव्हती मारली, पण लोकांसमोर पहिल्यांदा. ती तशीच बांधावरून सडकेला लागली. वाटेत मुलाला घ्यायला घरी गेली तर माझ्या आईनं त्याला आत ओढलं, "पोरगा आमच्या घरचा आहे." हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला पाणी दिलं, चहा दिला, सुजलेल्या गालाला लावायला बर्फ दिला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सांगितलं, "वहिनी, परत जाऊ नका. माझा भाऊ आहे म्हणून सांगते, नाक घासत आल्याशिवाय जाऊ नका."

मनापासून सांगितलं. त्याची किंमत काय, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. डोक्यावरून हात फिरवला. "तुह्यावर राग नाही वं पोरी. पण आमची लेक घरात येऊन बसली, अन् त्यांची लेक इथं सुखात नांदते, हे लोकाले कसं दिसन?" माझं कोणाशी भांडण नव्हतं, माझी काही चूक नव्हती, कोणी माझी चूक काढलीही नाही. एकास एक, एवढाच हिशेब. त्यांनी प्रवासाला तिळाचे लाडू बांधून दिले. नवऱ्यानं मोटरसायकलवर बसस्टँडला सोडलं. आमच्या दोघांच्या मध्ये आमची मुलगी, मांडीवर तिचा कार्डांचा अल्बम. तिला कोणी अडवलं नाही. मुलगा असता तर ठेवून घेतला असता. बस सुटताना नवरा खिडकीशी येऊन म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

माहेरी येऊन बसले. आई मला बघून रडली, पण भावाला एक शब्द बोलली नाही. भावाशी मी बोलले, चांगलं खरमरीत बोलले. तो म्हणाला, "तिकडून तिला भडकवायला तूच असशील." ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. घरात दोन पोरं होती, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा भाचा, जो आई कुठे गेली हे कोणालाच विचारत नव्हता. माझ्या मुलीची शाळा बुडत होती, गृहपाठ मोबाईलवर यायचा. बागेत केळी थंडीनं आखडली होती आणि घरात आम्ही.

दोघं पोरं दिवसभर कार्डं खेळायची. आताची कार्डं परदेशी, आगीच्या शेपटांची आणि विजेच्या डोळ्यांची जनावरं, काही चमकणारी, काही इतकी दुर्मिळ की प्लॅस्टिकच्या खिशाबाहेर काढायची नाहीत. अदलाबदल करण्याआधी पोरं मोबाईलवर बघतात की कोणाचं जास्त भारी आहे. मात्र टोकं धरायची रीत तीच. भाचा आणि माझी मुलगी समोरासमोर बसलेले, चार चिमटींत दोन कार्डं, कोणीच सोडत नाही. ते बघितलं आणि मला माझी बुडालेली गल्ली आठवली.

मी माळ्यावर चढले. तिथे आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता, दोन जोडप्यांच्या. एकेकीवरचा गणपती कापला, तो आईच्या पिशवीत टाकला आणि बाकीचे तुकडे करून पोरांपुढे ठेवले. सांगितलं, आपल्या माणसांचे पत्ते करायचे, रोज आकडे बदलायचे. भाच्यानं नाक मुरडलं. "आत्या, इसमें तो अटॅक ही नहीं है." मी म्हटलं, "आहे. राग आहे ना." हे त्याला पटलं.

काही दिवसांत त्यांना नाद लागला. आजोबा झाले, गल्लीतला भटका कुत्रा झाला, मोबाईल दुरुस्तीवाला झाला. मुलीनं तिच्या बाबांचं कार्ड केलं आणि आवाजापुढे इतका छोटा आकडा लिहिला की मला हसू आलं आणि मग आलं नाही. भाच्यानं त्याच्या पप्पांचं केलं. रागापुढे मोठा आकडा लिहिला, दाराकडे बघितलं आणि खोडला. मग बराच वेळ कोपऱ्यात पाठ करून बसून त्यानं आईचं केलं. लांब वेणी, कानात झुमके. राग शून्य. झोप त्यानं कोरी सोडली. "मुझे नहीं पता वहाँ सोती है कि नहीं," म्हणाला. ते कार्ड त्यानं आपल्या सगळ्यात भारी चमकणाऱ्या जनावराच्या प्लॅस्टिकच्या खिशात घातलं आणि जनावराला बाहेर काढून ठेवलं. माझ्या मुलीनं सहज हात पुढे केला तर म्हणाला, "ये अदला-बदली का नहीं है."

मुलीनं माझं कार्ड केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं कार्ड केलं. तिनं विचारलं, "मम्मी, तुझी ताकद किती लिहू?" मी म्हटलं, तुला वाटेल तेवढी लिही. तिनं भरपूर लिहिली. मग पाठची बाजू उलटून बघितली, तिथे माझंच अर्धं नाव छापलेलं होतं, खाली तिच्या आत्याचं. ती म्हणाली, "तुमची पण अदलाबदल झाली होती ना? आजी सांगत होती." मी हो म्हटलं. "मग तू राजी म्हणाली होतीस?" मी सांगितलं की राजी खेळणारे म्हणतात, कार्डाला कोणी विचारत नाही, नियमच तसा आहे. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "हा नियम कोणी केला?" उत्तर मला येत होतं, पण मी पोळ्या लाटायला उठले.

त्या दिवशी मी ठरवलं. आईला आणि भावाला समोर बसवून सांगितलं की यावेळी मला विचारल्याशिवाय मी हलणार नाही. फार काही मागत नाही. नवऱ्यानं एकदा, त्याच्या तोंडानं विचारावं, येतेस का? एवढंच. खरं सांगते, त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. माझं घर ते होतं, मुलीची शाळा तिथे होती, दुकानाच्या मागची माझी तुळसही तिथेच. पण हो म्हणायला आधी प्रश्न तरी हवा. भाऊ म्हणाला, "तुला काय विचारायचं? तेरा तो कोई झगड़ा ही नहीं." त्याला खरंच कळत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. 

नवऱ्याचा फोन रोज यायचा. जेवलीस का, पोरगी काय करते, तिकडे थंडी किती. मी वाट बघायची. फोन ठेवायच्या आधी तो थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "बघू, मोठी माणसं काय ठरवतात."

मोठ्या माणसांनी होळीच्या आधी ठरवलं. भावानं हात उचलणार नाही असं चार लोकांसमोर कबूल करायचं, वहिनीनं क्लासचं नाव काढायचं नाही आणि दोन्ही मुलींनी एकाच दिवशी आपापल्या घरी जायचं. जागा ठरली इच्छापूरच्या देवीची टेकडी, कारण ती दोघांनाही अर्ध्या वाटेवर आणि देवीच्या दारात कोणी शब्द फिरवणार नाही. आमच्या गाडीत मी, मुलगी, भाऊ, बाबा आणि मागे माझी बॅग; समोरासमोर आल्यावर तरी नवरा विचारेल, या आशेवर मी बसले. भाच्याला घेतलं नाही, तो रडेल म्हणून. त्यांच्या गाडीत वहिनी, माझा नवरा आणि त्याचे काका. खाली प्रसादाच्या दुकानांपाशी दोन्ही गाड्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आम्हा दोघींना दर्शनाला वर पाठवलं. आम्ही पायऱ्या चढायला लागलो. वहिनी वाळली होती. अर्ध्या पायऱ्यांवर तिनं विचारलं, "माझा पिंट्या कसा आहे?" लाडानं ती त्याला तसंच म्हणते. मी सांगितलं की त्यानं तिचं कार्ड केलंय, राग शून्य लिहिलाय आणि ते कोणाला देत नाही. ती पायरीवर खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी शेजारी बसले. मला राहवलं नाही. निदान तिला तरी कोणी विचारावं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला जायचंय का?"

तिनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नका विचारू," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं तर तुम्ही कुठं जाल?"

देवीसमोर आम्ही दोघींनी काय मागितलं, ते एकमेकींना सांगितलं नाही.

खाली आलो तर वेगळीच अडचण उभी होती. आधी कोणी बसायचं? नवऱ्याचे काका म्हणत होते, "तुमची लेक आमच्या गाडीत बसू द्या, मग आमची पाठवतो." बाबा म्हणत होते, "मुलीवाले आम्ही, आधी तुमची येऊ द्या." मुलीवाले दोघेही होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आवाज चढले नाहीत, सगळं गोड बोलण्यात चाललं होतं, पण कोणी पाऊल मागे घेईना. भावानं माझ्या दंडाला धरलं होतं. घट्ट नव्हतं, नुसतं धरलं होतं. समोर नवऱ्यानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला होता. नारळवाली बाई तोंडाला पदर लावून बघत होती. मी तिथे उन्हात उभी होते आणि मला दापोऱ्याचा ओटा स्पष्ट दिसत होता, चार चिमटी आणि दोन कार्डं. ही रीत मी स्वतः कितीदा खेळले आहे, कंटाळा येईपर्यंत.

मुलगी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, यांना सांग ना, एकदम सोडायचं असतं."

शेवटी देवळातून खाली उतरलेल्या एका पुजाऱ्यानं तोड काढली. दोघींनी एकाच वेळी चालत जावं, मधल्या रस्त्यावरून. भावानं दंड सोडला, नवऱ्यानं खांदा सोडला. आम्ही निघालो. मध्ये वहिनी माझ्या इतक्या जवळून गेली की तिच्या बांगड्या माझ्या हाताला घासल्या. दोघींनी मान वर केली नाही.

नवरा गाडीच्या दाराशी उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन थांबले, आत बसले नाही. मुलीनं माझा हात धरला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मला वाटलं आता विचारतोय. त्याचे ओठ हलले. त्याच्या आईनं त्याला काही सांगून पाठवलं नसेल, काकाही लांब उभे होते, हे वाक्य त्याचं स्वतःचंच असणार होतं.

"बॅग कुठंय?" त्यानं विचारलं.

मी हात करून दाखवली.